तसबीर खणात का गेली?

"मॅडम, आमचे संस्कार कुठे कमी पडले?"

हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की समुपदेशनाला आलेले पालक खुर्चीत टेकायच्या आत मला तो ऐकू येतो. या आईंनी तर पुरावाच आणला होता, मोबाइलमधला फोटो. सतरा वर्षांच्या लेकीच्या टेबलावरची भिंत आणि तिच्यावर एक चौकोनी उजळ डाग. लहानपणापासून तिथे असलेली देवाची तसबीर मुलीने उतरवून खणात ठेवली होती. "वह्यांच्या खाली हो," त्या दोनदा म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी आली तेव्हा धर्माचा विषय मी काढलाच नाही. कागद पुढे केला. "दिवसभरात तू कुठे कुठे असतेस ते काढ. मोकळं वाटतं तिथे टिंब दे, सावरून बसावं लागतं तिथे फुली." वर्ग, बस, मैत्रिणीचं घर, जिना. टिंबं बरीच होती. फुल्यांची गर्दी मात्र तिच्या स्वतःच्या खोलीत, आणि दाराशी एकदम तीन.

"दार लावायचं नाही. आई म्हणते, चांगल्या मुलींना लपवण्यासारखं काय असतं?" थोडं थांबून म्हणाली, "कपडे बदलताना दार नुसतं लोटलेलं, आणि वरून ते डोळे. सारखं कुणीतरी बघतंय असं वाटायचं."

"आणि प्रार्थना?"

"करते की. जिन्यात. तिसऱ्या मजल्याच्या वर कुणी भेटत नाही."

खरं सांगायचं तर मी बंडखोरी गृहीत धरून बसले होते.

एक खात्री मात्र करून घेतली. शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणणं, एखाद्या विचाराने आपण पापी ठरलो या धास्तीने झोप उडणं, असं काही होतं का? तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो आणि त्याला तज्ज्ञांचे उपचार लागतात. इथे तसं काही नव्हतं.

आईंना मी जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाची मांडणी सांगितली, 1966 सालची. काही मुलं घरच्या श्रद्धा आहेत तशा उचलतात, काही मध्येच थांबून चाचपून बघतात. थांबलेलं मूल बाहेरून पाठ फिरवल्यासारखं दिसतं.

"म्हणजे आम्ही काही सांगायचंच नाही?"

सांगायचं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं चौदावं कलम मुलांना विचार, विवेक आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं. त्याच कलमात मार्गदर्शनाचा हक्क आणि कर्तव्य पालकांचंही आहे. अट एवढीच, की मुलाची समज वाढते तसं ते बदलायला हवं. सात वर्षांच्या मुलीसाठी ठीक असलेलं उघडं दार सतराव्या वर्षी पहारा होतं.

"आमच्या वेळी खोलीच नव्हती, दार कुठलं!" त्या म्हणाल्या. हे त्यांनी चिडून म्हटलं की हळहळून, मला कळलं नाही. पण तसबिरीचा विषय त्या दिवशी तिथेच सुटला आणि आम्ही कडीबद्दल बोलू लागलो.

आता दार बंद असतं, आई टकटक करतात. वडिलांना हे सगळं थेर वाटतं. ते टकटक करत नाहीत. पण हल्ली खोलीच्या अलीकडे दोन पावलांवर खाकरतात, असं मुलगी सांगत होती. तसबीर अजून खणातच आहे.