बडोद्यात जुनी बोट दुरुस्त करतोय, पेट्रोलची टाकी कुठल्या पत्र्याची करून घेऊ?

पत्र्याआधी टाकीची बैठक, म्हणजे ती कशावर आणि कशी बसणार, ते ठरवा. तुमची १८ फुटी फायबरची बोट, फ्लोअरखाली फोममध्ये गाडलेली टाकी गळतेय आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) ८० लिटरची नवी करून घ्यायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. जुनी टाकी बाहेर काढलीत की उलटी करून बघा. अशा टाक्या बहुतेक बुडाकडून, बाहेरून सडतात. फोम पाणी धरून ठेवतो, त्या ओलीला हवा लागत नाही, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते आणि ती खरवडली की खाली टाचणीएवढी भोकं दिसतात. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलही अशा कोंडलेल्या ओलीत वेल्डच्या कडेने खड्डे धरतं. त्यामुळे नवी टाकी परत फोममध्ये बसवू नका.

काढताना मात्र ग्राइंडर किंवा गॅस कटर अजिबात नको. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते. पेट्रोल प्यायलेला फोमही हाताने, करवतीने काढा.

पत्रा ३ मिमीचा, ५०५२ किंवा ५०८३ ग्रेडचं ॲल्युमिनियम, आर्गन वेल्डिंग. फॅब्रिकेटरकडून ग्रेडचं सर्टिफिकेट मागून घ्या. ८०×४०×२५ सेंमी माप घेतलंत तर पेट्रोल हेलकावू नये म्हणून मधे एक आडवा पडदा लागेल. त्याचे चारही कोपरे कापलेले हवेत, नाहीतर तळाचं पाणी एका बाजूला अडकतं. सगळी तोंडं वरच्या पत्र्यावर, बुडाला ड्रेन नको. पितळेचं फिटिंग थेट ॲल्युमिनियममध्ये पिळू नका, ते पत्रा खातं. ३१६ स्टेनलेस स्टीलचं लावा.

गळतीची तपासणी ०.२ बार हवेच्या दाबावर. एवढ्याशा दाबातही ८०×४० च्या बाजूवर साडेसहाशे किलोच्या वर जोर येतो, म्हणून कंप्रेसर थेट जोडू नका. सायकलचा पंप पुरतो, आणि दाब मोजायला U आकाराची पारदर्शक नळी, तिच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत दोन मीटरचा फरक आला की झालं. पाच मिनिटं थांबा, प्रत्येक वेल्डवर साबणाचा फेस लावा.

आता बैठक. बुडाखाली निओप्रीनच्या पट्ट्या, पॉलियुरेथेन सीलंटने पूर्ण पृष्ठभागभर चिकटवलेल्या, म्हणजे पट्टी आणि पत्रा यांच्यात पाणी शिरायला फटच उरत नाही. लाकूड, कार्पेट नको. पट्ट्यांमधून पाणी मागे वाहून जायला हवं आणि चारही बाजूंनी किमान १० मिमी मोकळी जागा. भरलेलं पेट्रोल साधारण ६० किलो असतं, लाटेवर ते आपटतं. दोन्ही टोकांना कान वेल्ड करून बोल्टने आवळा. फ्लोअरमधलं झाकण टाकी सबंध बाहेर येईल एवढं ठेवा. पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याची टाकी करून आत-बाहेर करून बघा, हा अर्धा दिवस वाया जात नाही.

भरण्याची नळी आतून ३८ मिमी, हवेची किमान १४. दोन्हींत कुठे झोळ नको, कारण झोळात पेट्रोल साचलं की भरताना उलटं उसळतं. नळीवर आयएसओ ७८४० (बोटीतल्या आग सोसणाऱ्या इंधननळ्यांचं मानक) लिहिलेलं बघा आणि ती २०% इथेनॉल सोसते का, हे दुकानदाराला विचारा. इंजिनकडे जाणाऱ्या नळीला टाकीपाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह लावा, म्हणजे नळी तुटली तरी पेट्रोल आपोआप ओढलं जाऊन बाहेर येत नाही. भरण्याचं धातूचं तोंड आणि टाकी तारेने अर्थला जोडा. मीटरवर १ ओहमपेक्षा कमी दिसलं पाहिजे.

नर्मदेवर चांदोदला नेण्याआधी घरीच, मोकळ्या हवेत, २० लिटर भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बोटीच्या तळाशी वास घ्या, वाफ जड असते, तिथेच बसते. वास नसेल तरच पुढे भरा, तेही ७६ लिटरपर्यंत. मे महिन्यात तापलेल्या टाकीत पेट्रोल लिटरभर सहज फुगतं.