उत्तर: ऑरगॅनिक टी-शर्टचं सर्टिफिकेट, आणि शर्टावर काय छापावं

निपाणीच्या दादा, तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, हे सगळं माझंच कोणीतरी लिहिलंय. जुन्या मोटार शर्यतींचे टी-शर्ट काढायचेत, ऑरगॅनिक कापड तिरुपूरहून येणार, छपाई बेळगावात होणार. विक्रेत्यानं व्हॉट्सअॅपवर जीओटीएसचं, म्हणजे ऑरगॅनिक कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, सर्टिफिकेट पाठवलंय आणि ‘एवढं पुरेल का’ असं तुम्ही विचारताय. नाही पुरत. अॅडव्हान्स अजून दिला नसेल तर थांबा.

कापडाची जाडी, साइज, शिलाई यातलं तुम्हाला कळतंच, ते सोडतो.

तुमच्याकडे आलंय ते बहुतेक स्कोप सर्टिफिकेट असणार. त्यातून इतकंच कळतं की ती गिरणी असा माल करायला पात्र आहे. तुमच्याच मालाचा पुरावा म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. त्यावर विकणारा, घेणारा, वजन, बिल नंबर असं सगळं असतं. ते काढायचा अर्ज विकणाऱ्यानंच करायचा असतो, आपल्या हातात काही नसतं.

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथंच झालं. दाखले देणाऱ्या एका एजन्सीचं ऑफिस होतं, नाव घेत नाही. मालाचं सर्टिफिकेट निघालंय का, एवढंच मला विचारायचं होतं. मेलला उत्तर नाही. फोन केला तर म्हणाले, आम्ही फक्त आमच्या ग्राहकाशी बोलतो. विक्रेता म्हणायचा, कागद ऑफिसात अडकलाय. ऑफिस म्हणायचं, अर्जच अपुरा आहे. त्यात काय अपुरं आहे, ते शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. इकडे कापड कापून, शिवून, छापून तयार. पुण्याच्या ज्या दुकानदारानं ऑर्डर दिली होती त्यानं कागदाशिवाय माल घ्यायला नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. ऑरगॅनिकच्या भावानं घेतलेलं कापड शेवटी साध्या कॉटनच्या भावात गेलं. एका कारकुनानं दोन ओळींचं उत्तर दिलं असतं तर मी शिलाईच थांबवली असती. अजून राग येतो.

दुसरी गोष्ट या धंद्यात कोणी आपणहून सांगत नाही. छापणारा सर्टिफाइड नसेल तर सर्टिफिकेटांची साखळी तिथंच तुटते. मग कापड कितीही खरं असलं तरी तयार शर्टावर जीओटीएसचा शिक्का लावता येत नाही. शिक्का हवाच असेल तर छपाईही तिरुपूरकडच्या सर्टिफाइड युनिटमध्ये करून घ्या. बेळगावातच छापायचं असेल तर शिक्क्याचा नाद सोडा. नुसतं ‘इको-फ्रेंडली’ही लिहू नका. २०२४ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मोघम दाव्याला नेमका खुलासा आणि पुरावा लागतो. मी वकील नाही, लेबलचा मजकूर जाणकाराला दाखवून घ्या.

शाईबद्दल माझं मत ठाम आहे. ऑरगॅनिक कापडावर प्लास्टिसॉलची शाई मारायची असेल तर हा खटाटोपच करू नका, त्या शाईत पीव्हीसी हे प्लास्टिक असतं. पाण्याची शाई घ्या. उन्हाळ्यात ती छपाईच्या जाळीतच वाळते आणि आपल्याकडच्या जुलैच्या पावसात लवकर वाळत नाही, म्हणून छापणारे टाळाटाळ करतात. नमुन्याच्या छपाईवर गरम इस्त्री ठेवून बघा. छपाई वितळून चिकट झाली तर ते प्लास्टिसॉल. आणि नमुना धुऊन बघितल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका, छापल्यावर शाई उष्णतेनं नीट पक्की केली नसेल तर धुण्यात उतरते.

चित्रांसाठी कंपन्यांचे लोगो कशाला हवेत? येझदी मोटारसायकल आमच्या घरातलीही लाडकी. म्हैसूरच्या कारखान्यात बनायची, शोलावरमच्या शर्यतीत पळायची. पण त्या नावाचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, त्यात पडू नका. मद्रासजवळची शोलावरमची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, पुढं तिच्यावर शर्यती रंगल्या. नुसत्या धावपट्टीचं रेखाचित्रही सुंदर दिसेल.

नाहीतर देशांचे रंग घ्या, म्हणजे शर्यतीत प्रत्येक देशाच्या गाड्यांना ठरलेला असायचा तो रंग. १९०० च्या गॉर्डन बेनेट मोटार शर्यतीपासून ही पद्धत आली. फ्रान्सचा निळा, बेल्जियमचा पिवळा, जर्मनीचा पांढरा, इटलीचा लाल नंतर आला. ब्रिटनमध्ये रस्त्यावर शर्यत लावायला बंदी होती म्हणून १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, आणि ब्रिटिश हिरव्याची गोष्ट तिथूनच सांगतात. गाडीचं वजन कमी करायला १९३४ मध्ये जर्मनांनी पांढरा रंग खरवडला, ही कथा मात्र छापू नका. अनेक अभ्यासक ती मानत नाहीत आणि शर्यतींचे शौकीन अशी चूक लगेच पकडतात.

आता विक्रेत्याला एकच विचारा: या बिलाचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट माझ्या नावानं कधी देणार, ते लेखी द्या. जीओटीएसच्या संकेतस्थळावर त्याचं नाव सापडतंय का तेही बघा, ती यादी सगळ्यांना खुली आहे. त्याचं उत्तर आलं की इथंच टाका, मी वाचून सांगतो.