हुंडर्टवासरचे घर पाहायला जाताना

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सहकुटुंब व्हिएन्नाला जाणार आहोत. चित्रकार हुंडर्टवासर यांचे झाडांनी भरलेले घर आतून पाहता येते का? तिकीट आधी काढावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आतून पाहता येत नाही, त्यामुळे तिकिटाचा प्रश्नच नाही. 1985 साली पुरी झालेली ही इमारत शहर महापालिकेची भाड्याची वसाहत आहे आणि पन्नासेक बिऱ्हाडे आजही तिथे राहतात. घंटी वाजवू नका, जिन्यात शिरू नका. शहराच्या मध्यवर्ती श्टेफान्सप्लाट्झ चौकातून यू-3 मेट्रोने दुसरे स्थानक लांडश्ट्रासे; तिथून पायी पाऊण-एक किलोमीटर. केगेलगासे आणि ल्योवेनगासे या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, समोरच्या बाजूला उभे राहा. भिंतीवरचे रंगांचे तुकडे नुसती सजावट नव्हेत. कोणते घर कुठे संपते ते त्यांवरून कळते. खिडकीतून हात पोहोचेल तेवढी बाहेरची भिंत भाडेकरूने हवी तशी रंगवावी, हा हुंडर्टवासर यांचा आग्रह होता. नकाशांसाठी मात्र वास्तुविशारद लागलेच : आधी योसेफ क्राविना, मग पेटर पेलिकान. मे महिन्यात पालवी दाट असते आणि बरीचशी भिंत पानांआड जाते. फोटोच हवे असतील तर पानगळीनंतरचे दिवस बरे.

समोरचे हुंडर्टवासर व्हिलेज म्हणजे दुकाने. तिथेच सगळा वेळ घालवून ‘घर पाहिले’ म्हणत परतणारे पुष्कळ.

प्रश्न : तिथली जमीन उंचसखल आहे असे ऐकले. आईचे गुडघे दुखतात. जमेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घराबाहेरची फरसबंदी मुद्दाम लाटांसारखी केली आहे. लोक वर भिंतीकडे पाहत चालतात आणि पाऊल चुकते. तेव्हा चालताना खाली, थांबल्यावर वर. टाचांची चप्पल नको, काठीच्या टोकाला रबर असू द्या, चाकांची बॅग हॉटेलवरच ठेवा. पाच-सात मिनिटांच्या अंतरावर कुन्स्टहाउस वीन हे संग्रहालय आहे. थोनेट कंपनीच्या जुन्या फर्निचर कारखान्यात ते 1991 साली सुरू झाले. हुंडर्टवासर यांची मूळ चित्रे तिथे आहेत, आणि वाकडी फरशी आतही आहे. आईंना दोन्हीकडे दमवू नका. एकच निवडायचे तर संग्रहालय : आत जाता येते, चित्रेही पाहता येतात.

प्रश्न : अर्धा दिवस उरला तर त्यांचेच आणखी काही पाहता येईल?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : लांडश्ट्रासेहून यू-4 मेट्रोने पाचवे स्थानक श्पिटेलाउ. कचरा जाळून शहराला उष्णता पुरवणारा तिथला कारखाना 1987 च्या आगीनंतर त्यांनी सजवला. स्थानकातून बाहेर पडताच सोनेरी गोळ्याचे धुराडे दिसते.

प्रश्न : त्या इमारतीसारखी झाडे आमच्या पुण्यातल्या गच्चीवर लावता येतील का? स्लॅब वीस वर्षांचा आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तिथे अडीचशेच्या आसपास झाडे-झुडपे आहेत, पण त्यांच्या मातीचे वजन इमारत बांधतानाच हिशेबात धरले होते. आपल्याकडे वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण 150 किलो चल भार (म्हणजे माणसे, सामान यांचे बदलते वजन) धरतात. भिजलेल्या मातीचा 30 सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातो; मोठ्या झाडाला याच्या दुप्पट-तिप्पट खोली लागते. म्हणून सरसकट माती पसरू नका. तुळईच्या किंवा खांबाच्या डोक्यावर येतील अशा बेताने कुंड्या ठेवा, मातीत निम्मे कोकोपीट घाला, आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या. वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी दोन-तीन दिवस तुंबवून खालचे छत ओलावते का ते पाहा. कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहील. गळती बहुधा पाणी निघून जाण्याच्या तोंडाशी सुरू होते : पाने अडकतात, पाणी साचते, मुळे ओलाव्यामागे फटीत शिरतात. पावसाळ्यात ते तोंड आठवड्याला साफ करा. वड, पिंपळ, उंबराचे रोप भिंतीत उगवलेले दिसले तर त्याच दिवशी मुळासकट उपटा.