एसएनसीयूचे आभार कसे मानायचे?

*ताई, माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात झाली, वजन १२४० ग्रॅम. सरकारी रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी आणि लवकर जन्मलेल्या बाळांच्या विशेष विभागात) दीड महिना होती. आता ती चार महिन्यांची आहे, पावणेचार किलोंची. पुढच्या महिन्यात बारसं आहे. सासूबाई म्हणतात, बाळाला घेऊन वॉर्डात जाऊ, सगळ्यांना पेढे देऊ, आणि ज्या सिस्टरनी सगळ्यात जास्त केलं त्यांची साडी देऊन ओटी भरू. ह्यांचं म्हणणं, ५१ हजारांचं एखादं मशीनच घेऊन देऊ. मला तर त्या जिन्यापाशी जायचंही धाडस होत नाही. मायक्रोवेव्ह वाजला तरी छातीत धस्स होतं. शेजारच्या वॉर्मरवरचं बाळ गेलं. अजून कुणाची तरी आई तिथे बाहेर बसलेली असेल, तिच्यासमोर मी पेढे कसे वाटू? पण गेले नाही तर तो कृतघ्नपणा होईल का?*
*— ओवीची आई, सुदामा नगर, इंदूर*

ओवीच्या आई,

नाही होणार. आधी हे मनातून काढून टाका. आभार मानायला तुम्ही तो जिना चढलाच पाहिजे असं नाही, आणि बाळाला आत न्यायचं तर नाहीच. तिथल्या बाळांना बाहेरचा साधा सर्दीचा विषाणूही महागात पडतो, आणि ओवीलाही रुग्णालयातून काही घेऊन यायचं नाहीये. बाहेर बसलेल्या आईचा विचार तुमच्या मनात आला, तो अगदी योग्य आहे.

तुमच्या हातून सगळ्यात मोलाचं काय होऊ शकेल, तर एक पत्र. तक्रार लेखी येते आणि कौतुक तोंडी, त्यामुळे कागदावर फक्त तक्रारच उरते. म्हणून पत्र रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावे लिहा आणि एक प्रत एसएनसीयूच्या नर्सिंग इन्चार्जना द्या. एक पान पुरे. वर बाळाची जन्मतारीख, आठवडे, जन्माचं वजन आणि आजचं वजन. मग नावं आणि प्रत्येक नावापुढे एक नेमकी गोष्ट. ‘सर्वांनी खूप काळजी घेतली’ या वाक्यातून कुणालाच काही मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा: रात्रपाळीच्या अमुक सिस्टरनी मला कांगारू पद्धत शिकवली; बाळ छातीवर उभं कसं ठेवायचं, मान एका बाजूला आणि हनुवटी किंचित वर म्हणजे श्वास दबत नाही, पाय बेडकासारखे दुमडलेले, आणि मग पट्टा कसा बांधायचा. किंवा, श्वासाला मदत करणाऱ्या सीपॅपच्या नळीने नाक सोलवटू नये म्हणून अमुक सिस्टर दर पाळीत नाकपुड्या तपासायच्या. किंवा, नळीचं दूध सुटून बोंडल्याने पाजायला लागले तेव्हा अमुक सिस्टर घाई न करता शेजारी थांबल्या. ज्यांचं नाव आठवत नाही त्यांची तारीख आणि पाळी लिहा, इन्चार्जना बरोबर कळतं. फरशी पुसणाऱ्या मावशी, रक्ताचे रिपोर्ट आणणारे भाऊ, दारावरचे गार्ड यांनाही एकेक ओळ द्या. संसर्ग रोखण्यात मावशींचा वाटा कुणाहून कमी नाही, आणि पत्रात नेमकं त्यांचंच नाव राहून जातं.

सोबत एक फोटो द्या: एकीकडे जन्मानंतरची ओवी, दुसरीकडे आजची. खाली आठवडे आणि वजन, आडनाव नको. लॅमिनेट करून द्या म्हणजे पुसता येतो. कुठे लावायचा, लावायचा की नाही, हे इन्चार्जना ठरवू दे. तिथे नव्याने आलेल्या आईला ‘१२४० ग्रॅम’ हा आकडा काय धीर देतो, हे तुमच्याहून जास्त कोण जाणणार?

आता पेढे. सासूबाईंची हौस मोडू नका, फक्त वस्तू बदला. उघडी मिठाई युनिटच्या दाराशी नकोच: हात चिकट होतात, मुंग्या येतात, आणि सगळा डबा सकाळच्या पाळीतच संपतो. रात्री दोनला तुमच्या लेकीला ज्यांनी सांभाळलं त्यांच्यापर्यंत एक पेढाही पोचत नाही. सीलबंद शेवेची छोटी पाकिटं घ्या, इंदुरात ती कुणाला नको असतील! चार वेगळ्या पिशव्या करा, तीन पाळ्यांच्या तीन आणि चौथी सफाई, लॅब आणि गार्ड यांची, आणि प्रत्येकीवर तसं लिहा. पाळी बदलायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा एकेका बाळाची माहिती पुढच्या सिस्टरला द्यायची असते. आधी फोन करा, आणि तुमच्या ह्यांनाच इन्चार्जच्या खोलीत देऊन यायला सांगा. फुलं, मऊ खेळणी आणि लोकरीची टोपडी नकोत. लोकरीचा सुटा धागा बोटाला गुंडाळला तर तिथला रक्तपुरवठा तुटतो. हाताने काही करायचंच असेल तर सुती टोपडी शिवा, नाडी आणि गोंडे न लावता.

कुणा एका सिस्टरला साडी किंवा पाकीट ड्यूटीवर देऊ नका. त्या सरकारी नोकरीत आहेत, अडचणीत येतात, आणि सोबतच्या बाकीच्यांनाही ते लागतं. त्यांना बारशाला बोलवा. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरायला कोण नाही म्हणणार? मात्र आग्रह नको. दिवसभर बारा पाळणे सांभाळून आलेल्या माणसाला सुट्टीही हवी असते.

तुमच्या ह्यांच्या ५१ हजारांबद्दल थोडं सविस्तर. मशीन परस्पर विकत घेऊ नका. वॉरंटी संपल्यावर दुरुस्ती कोण करणार, प्रोब कुठून येणार, वॉर्डात जागा आणि प्लग आहे का, हे न ठरवता आलेली मशीनं स्टोअरमध्ये पडून राहतात. साध्या वस्तूतही हे होतं. बाळाच्या पायाला गुंडाळायचा, ऑक्सिजन मोजणारा प्रोब सारखा खराब होतो, पण एका कंपनीचा प्रोब दुसऱ्या कंपनीच्या मॉनिटरला बसेलच असं नाही. म्हणून इन्चार्जना विचारा, कोणती वस्तू सारखी संपते किंवा मोडते, आणि मॉडेल लिहून घ्या.

माझं मत विचाराल तर कांगारू खुर्च्यांबद्दल विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार मुदतपूर्व किंवा कमी वजनाच्या बाळांना दिवसाकाठी ८ ते २४ तास त्वचेला त्वचा लावून ठेवायचं. ताजे टाके असलेल्या आईने ते स्टुलावर बसून कसं करावं? पाठ मागे रेलेल अशी, हातांची, रेक्झिनचं आवरण असलेली खुर्ची हवी. जंतुनाशकाने पुसता येत नाही अशी कापडी गादी नको. पैसे रोख देऊ नका. चेक रुग्णालयाचा निधी सांभाळणाऱ्या रोगी कल्याण समितीच्या नावे काढा, उद्देश लिहा आणि पावती घ्या. ही समितीची पद्धत १९९० च्या दशकात आपल्या इंदूरच्याच एम.वाय. रुग्णालयातून सुरू झाली आणि नंतर देशभर गेली.

तुमच्याकडून आणखी एक देणं होऊ शकतं. ओवीचं पोट भरून दूध उरत असेल तर जवळ मातृदुग्ध पेढी आहे का, ते युनिटमध्ये विचारा. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या तपासण्या होतात, मग दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइज करतात. लवकर जन्मलेल्या बाळांच्या आतड्याचा एक गंभीर आजार पावडरच्या दुधाच्या तुलनेत या दुधाने कमी होतो. तपासणीशिवाय परस्पर कुणाच्या बाळाला मात्र देऊ नका. आणि दूध उरत नसेल तर हा विषय इथेच सोडा, मनाला लावून घेऊ नका.

छातीत धस्स होतं ते मनाचं दुबळेपण नव्हे. त्या मॉनिटरच्या आवाजावर दीड महिना तुमचा जीव टांगलेला होता, शरीर ते इतक्यात विसरत नाही. पण झोप उडाली असेल, ओवीचा श्वास रात्रभर तपासत बसत असाल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त रडू येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना हेही सांगा. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

शेजारच्या वॉर्मरवरचं बाळ गेलं, त्याच्या आईचा नंबर तुमच्याकडे असेल तर एक छोटा निरोप पाठवा, ओवीचा फोटो न जोडता: ‘तुमच्या बाळाची आठवण येते, उत्तर द्यायची गरज नाही.’ नंबर नसेल तर रुग्णालयातून मिळवू नका.

राहता राहिलं बारसं. माणसं मोजकी बोलवा, खोकणाऱ्यांना नंतर या म्हणावं, आणि बाळाला घ्यायच्या आधी साबणाने हात धुवायला लावा. कुणी म्हणेल, चार महिन्यांची झाली तरी मान धरत नाही. त्यांना सांगा, ओवी दहा आठवडे आधी आली, तेव्हा वाढीच्या हिशेबाने ती आज साधारण सात आठवड्यांची आहे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी डॉक्टर ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत आणि कानांची तपासणी, दोन्हींची फाईल काढून आजच बघा. राहिली असेल तर बारशाच्या आधी तारीख घ्या, आणि ती तारीख पत्रातही लिहा. घरी गेलेली बाळं पुढे तपासणीला येत नाहीत, ही युनिटची कायमची काळजी असते.