दोन पेढ्या एक करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : आमची उद्यमबागेत फाउंड्री आहे, भागीदार तिघे. मेहुण्यांचं शिनोळीत मशीन शॉप आहे, भागीदार दोघे. दोन्ही फर्म नोंदणीकृत आहेत. १ एप्रिलपासून दोन्ही एक करायच्या आहेत. पाचही जणांनी एक नवं डीड (भागीदारीचं करारपत्र) केलं की काम झालं का?

उत्तर : नाही झालं. दोन कंपन्या न्यायाधिकरणाच्या आदेशाने एक होतात आणि त्या आदेशासरशी मालमत्ता, देणी, कोर्टातले दावे सगळं आपोआप पलीकडे जातं. १९३२ च्या भागीदारी कायद्यात अशी सोयच नाही. इथे प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या कागदाने हलवावी लागते आणि जी हलवायची राहिली ती जुन्याच फर्मची राहते.

तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे उद्यमबागेची फर्म, तिचा पॅन आणि बँक खातं कायम ठेवणं. मेहुणे आणि त्यांचे भागीदार यांना कलम ३१ प्रमाणे स्वतःच्या नावाने आत घ्या. एक फर्म दुसऱ्या फर्मची भागीदार होऊ शकत नाही, त्यामुळे डीडमध्ये शिनोळीच्या फर्मचं नाव भागीदार म्हणून घालू नका. शिनोळीचा धंदा चालू स्थितीत, देण्याघेण्यासह, लेखी कराराने उद्यमबागेच्या फर्मला द्या आणि मग कलम ४० प्रमाणे ती फर्म सर्वांच्या संमतीने विसर्जित करा.

त्या कराराला जोडायची यादी घाईत करू नका. लेथ, व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं कटिंग मशीन), कंप्रेसर यांचे सिरीयल नंबर लिहा. बँकेकडे तारण असलेली मशीनं वेगळी दाखवा आणि त्यांच्यासाठी बँकेची लेखी संमती आधी घ्या. जॉबवर्कला आलेली कास्टिंग आणि ग्राहकांनी दिलेली जिग-फिक्श्चर (काम पकडून ठेवायची साधनं) शॉपमध्ये असली तरी फर्मची नाहीत. ती चलन नंबरासह वेगळ्या यादीत घ्या. ती मालमत्तेत मिसळली की पुढे ग्राहकाशी वाद ठरलेला. येण्यांच्या बाबतीत प्रत्येक गिऱ्हाइकाला पत्र गेलं पाहिजे. पत्र मिळण्याआधी त्याने जुन्या फर्मला पैसे दिले तर तो मोकळा होतो, आणि तुम्हाला त्याच्याकडे पुन्हा मागता येत नाहीत.

जीएसटीत सीमेची खरी अडचण येते. शिनोळी महाराष्ट्रात, म्हणजे नंबर २७ ने सुरू होणारा. तुमचा २९ चा. उद्यमबागेच्या फर्मने आधी स्वतःच्या पॅनवर शिनोळीसाठी २७ चा नंबर घ्यावा. मग शिनोळीच्या जुन्या फर्मने आयटीसी-०२ हा फॉर्म भरून शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्या नव्या २७ कडे पाठवावं आणि उद्यमबागेच्या फर्मने नव्या नंबरावर ते पोर्टलवर स्वीकारावं. यासाठी सी.ए.चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी करारात देणी हस्तांतरित केल्याचं स्पष्ट कलम असावं लागतं. बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच कलम राहून जातं आणि क्रेडिट अडकतं. जुना नंबर रद्द करणं सगळ्यात शेवटी. त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१०, म्हणजे शेवटचं रिटर्न. हस्तांतराआधीच्या थकीत कराला दोन्ही फर्म जबाबदार असतात, म्हणून शिनोळीची जुनी रिटर्न्स सह्या करण्याआधी तपासा. आणि एक झाल्यावरही शिनोळीहून उद्यमबागेत विक्रीचा माल आला तर तो दोन वेगळ्या नोंदणीधारकांमधला व्यवहार धरला जातो, त्यावर आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी) लागतो.

शिनोळीच्या फर्मला आयकरात मागचा तोटा असेल तर तो तुमच्या नफ्यातून वजा होणार नाही. तोटा पदरी आहे म्हणून किंमत वाढवून देऊ नका.

प्रश्न (निपाणी) : आमची तंबाखू व्यापाराची फर्म दुसऱ्या फर्ममध्ये मिसळते आहे. मी बाहेर पडणार आहे. सगळी जुनी देणी नवी फर्म फेडेल असं डीडमध्ये लिहिलं आहे. आता मी मोकळा ना?

उत्तर : भागीदारांपुरते मोकळे. शेतकरी, बँक, अडत्या यांच्या दृष्टीने तुम्ही अजून देणेकरीच आहात. ते त्या डीडला बांधील नाहीत. कलम ३२ प्रमाणे घेणेकरी, तुम्ही आणि नव्या फर्मचे भागीदार यांच्यात करार झाला तरच जुन्या देण्यातून सुटका होते. बँकेच्या सीसी लिमिटवर (कॅश क्रेडिट कर्जावर) तुमची वैयक्तिक हमी असेल तर ती सोडल्याचं पत्र घेतल्याशिवाय सही करू नका. कलम ३८ ने फर्मची घडण बदलल्यावर पुढच्या व्यवहारांपुरती हमी संपते खरी, पण करारात वेगळं ठरलेलं असलं तर नाही, आणि बँकांच्या छापील फॉर्ममध्ये बहुधा वेगळंच लिहिलेलं असतं.

नव्या देण्यांसाठी जाहीर नोटीस हवी. पेपरात जाहिरात दिली की पुरे, असा आपल्याकडे समज आहे. नोंदणीकृत फर्मसाठी कलम ७२ तीन गोष्टी मागतं : निबंधकांना कळवणं, राजपत्रात प्रसिद्धी आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेच्या वर्तमानपत्रात नोटीस. मराठी वर्तमानपत्र चालतं.

प्रश्न (खानापूर) : आमची फर्म नोंदलेली नाही. तरी दुसऱ्या फर्ममध्ये जाता येईल का?

उत्तर : येईल. पण नोंदणी नसलेल्या फर्मला कलम ६९ मुळे कराराच्या वसुलीचा दावा बाहेरच्यावर लावता येत नाही. उधारी मोठी असेल तर आधी नोंदणी करून घ्या. कर्नाटकात हे काम जिल्हा नोंदणी कार्यालयात होतं. एकत्र झाल्यावर नव्या भागीदारांची नावंही रजिस्टरमध्ये लगेच चढवा. दाव्याच्या दिवशी नाव तिथे नसलं तर समोरचा वकील पहिला हरकतीचा मुद्दा तोच काढतो.