स्पॅनिश सबजंक्टिव्हचे तक्ते पाठ आहेत पण बोलताना अडतं, त्यावर

तुम्ही विचारलंय की स्पॅनिशच्या बी-वनला, म्हणजे मधल्या पातळीला, सबजंक्टिव्हचे (इच्छा, शंका, भावना सांगताना क्रियापदाचं जे वेगळं रूप येतं त्याचे) तक्ते पाठ झालेत पण बोलायला गेलं की काही सुचत नाही. माझं ऐका, तक्ते थोडे दिवस बाजूला ठेवा.

रूप बनवायचं तर 'यो'चं, म्हणजे 'मी'चं, वर्तमानकाळाचं रूप घ्या, शेवटचा ओ काढा आणि उलटा स्वर लावा, मूळ क्रियापद आर ने संपत असेल तर ए, एर किंवा इर ने संपत असेल तर आ. आब्लो (बोलतो) चं आब्ले, कोमो (खातो) चं कोमा. यातच तेंगोचं तेंगा, दिगोचं दिगा, कोनोस्कोचं कोनोस्का आपोआप निघतं, वेगळं पाठ करावं लागत नाही. अपवाद सहाच, आणि ते कुठले बघा, ज्यांच्या यो-रूपाच्या शेवटी ओ नाहीच ते. सोय, बोय, दोय, एस्तोय, से आणि आबेर या क्रियापदाचं ए. त्यांचं सेआ, बाया, दे, एस्ते, सेपा, आया.

खरी गोची वापरात आहे. 'के (म्हणजे आपलं की, जे) आलं की सबजंक्टिव्ह' हे डोक्यातून काढा, क्रेओ के बिएने (तो येतोय असं वाटतं) म्हणताना साधंच रूप येतं कारण तो येतोय असं आपण सांगतोय, पण नो क्रेओ के बेंगा (तो येईल असं वाटत नाही), कारण इथे तसं सांगत नाहीये. घर शोधताय आणि बाल्कनी हवीय तर बुस्को उन पिसो के तेंगा बाल्कोन, घर मिळालं आणि त्याला बाल्कनी आहे तर तेंगो उन पिसो के तिएने बाल्कोन. मे आलेग्रो दे के एस्तेस आकी (तू इथे आहेस याचा आनंद झाला) मध्ये लोक हमखास अडकतात, की अरे तू तर समोर उभायस मग सबजंक्टिव्ह का? कारण तू इथे आहेस ही बातमीच नाहीये, आपल्याला आनंद झालाय ही बातमी आहे.

किएरो के बेंगास ला आपलं 'तू यावंस असं वाटतं' अगदी चपखल बसतं, पण मराठीच्या भरवशावर राहू नका, नो क्रेओ के बेंगा ला आपण सरळ 'येईल असं वाटत नाही' म्हणतो, तिथे 'यावं' नाही. आणि क्वांदो, म्हणजे 'जेव्हा'! पुढे घडायचंय तर क्वांदो येगेस यामामे, पोचलास की फोन कर. रोजची सवय असेल तर क्वांदो येगो आ कासा, सेनो (घरी पोचलो की जेवतो), साधं रूप.

ओखाला (तसं होवो) ने सुरू होणारी आणि के ते मेखोरेस (लवकर बरा हो) सारखी अख्खी वाक्यं रोज मोठ्याने म्हणा, तोंडात बसतात. भूतकाळाचं सबजंक्टिव्ह सध्या नको, आधी तुबिएरोन (त्यांच्याकडे होतं), फुएरोन (ते गेले किंवा होते) ही साध्या भूतकाळाची रूपं पक्की होऊ देत, मग त्यातलं रोन काढून रा लावलं की तुबिएरा, फुएरा तयार.