हरलेली वर्षं गाळू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

शनिवारी बाउंड्रीपाशी उभं राहून तू जे विचारलंस, ते घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. तुमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या स्मरणिकेतलं इतिहासाचं प्रकरण तुझ्याकडे आलंय. मिनिट्सच्या जुन्या वह्या चाळताना सत्तरच्या दशकातले लागोपाठ दोन सीझन निघाले, एकही सामना न जिंकलेले. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, त्यावर एक ओळ पुरे. आणि तू मला विचारलंस, "काका, उरकू का एका ओळीत?"

नाही. हरलेली वर्षं गाळायची नाहीत. एका ओळीत उरकणं हेही गाळणंच.

मेलबर्नच्या एडिंबरा गार्डन्समधलं ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल हे मैदान तू पाहिलंयस. तिथला जुना ग्रँडस्टँड पाहून तू फोटोही काढला होतास. तो फिट्झरॉयचा. १८८३ साली स्थापन झालेला क्लब, १८९७ मध्ये व्हीएफएल, म्हणजे या खेळाची व्हिक्टोरियातली मोठी लीग, सुरू करणाऱ्या आठ क्लबांपैकी एक. त्याची विजेतेपदंही आठच, शेवटचं १९४४ चं. आता समज, कुणी फक्त ही आठ वर्षं लिहिली. त्यात १९१६ येईल, सोनेरी अक्षरांत. पण १९१६ मध्ये झालं काय होतं? पहिलं महायुद्ध चालू होतं, लीगमध्ये चारच संघ उरले होते. फिट्झरॉयने बारापैकी दोन सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि तक्त्यात शेवटचा नंबर पटकावला. संघ चारच असल्याने चौघांनाही फायनल्स, म्हणजे विजेता ठरवणारे शेवटचे सामने, खेळायला मिळाल्या. तिथे सलग तीन सामने जिंकून, कार्लटनला हरवून तो विजेता झाला. त्याच वर्षी शेवटचा आणि त्याच वर्षी पहिला. यातलं अर्धं गाळलंस तर उरलेलं अर्धंही खोटं होतं.

किंवा १९३१ ते १९३६ घे. या सहा वर्षांत ब्राउनलो पदक, लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं, पाच वेळा फिट्झरॉयच्या खेळाडूंना मिळालं, त्यातलं तीनदा एकट्या हेडन बंटनला. संघ मात्र एकदाही फायनल्सला पोचला नाही. याच संघात १९३२ साली डग निकोल्स आला, कमरागंजाच्या आदिवासी वस्तीतला मुलगा, जो पुढे साऊथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. नवख्या निकोल्सला ड्रेसिंग रूममध्ये एकटं वाटू नये म्हणून बंटन त्याच्या शेजारी जाऊन बसायचा. विजेतेपदांच्या फलकावर हे कुठे लिहिणार? हे हरलेल्या वर्षांतच घडलंय.

आणि १९६३. अख्ख्या सीझनमध्ये एकच विजय, तोही त्या वर्षी विजेता ठरलेल्या जिलाँगवर! १९६४ मध्ये शून्य. दोन्ही वर्षं कॅप्टन आणि कोच केव्हिन मरे. हा माणूस क्लबसाठी ३३३ सामने खेळला. ती दोन वर्षं काढून टाक आणि मग मला सांग, या आकड्याचं वजन किती उरलं.

हे सगळं मी कुठल्या तोंडाने सांगतोय, ते तुला माहीत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका छोट्या क्लबची स्मरणिका मी केली. तीन सीझन मी गाळले. त्यातल्या एका वर्षी रिझर्व्हचा, म्हणजे दुसऱ्या फळीचा, संघच उभा राहत नव्हता, सामने सोडून द्यावे लागत होते. मी लिहिलं, "हा काळ पुनर्बांधणीचा होता." त्या वर्षांतला कॅप्टन आता म्हातारा झाला होता, दर शनिवारी स्कोअरबोर्डवरचे आकडे बदलायचा. प्रकाशनाच्या संध्याकाळी त्याने उभ्याउभ्या पुस्तिका चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. मला काही बोलला नाही. पुढच्या सीझनला तो आला नाही. मी जाऊन विचारणार होतो. गेलो नाही.

माझीही बाजू ऐक. मला या देशात येऊन चार वर्षं झाली होती. माझं नाव नीट उच्चारायला पहिल्यांदा त्या क्लबातली माणसं शिकली. पानं चोवीस, त्यातली नऊ जाहिरातींची. नव्या माणसाने दुसऱ्याच्या घरातली उणीदुणी कशाला काढा, असं वाटलं. माझ्या जागी दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं, हे मी आजही म्हणेन. पण तो म्हातारा तीन वर्षं पावसाचिखलात हरत राहिला होता आणि मी त्याला छापून पुसून टाकलं.

तुझ्यावर तर तसलं काही ओझंही नाही. नाशिकहून शिकायला आलास, पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी हातात पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि तू त्यांचा झालास. मग अडतंय कुठे? प्रायोजकांना वाईट दिसेल म्हणतोस. सॉसेज विकून दिवे लावणाऱ्या क्लबने हरलेलं लपवून कुणाला फसवायचं?

अरे, तुमच्या खेळाचा स्कोअरच बघ. गोलचे सहा गुण, आणि नेम जरा चुकून चेंडू गोलचा खांब आणि त्याच्या बाजूचा खांब यांच्या मधून गेला तरी एक गुण. शिवाय दोन्ही वेगवेगळे लिहायचे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये फिट्झरॉय मेलबर्नमधला शेवटचा सामना रिचमंडशी खेळला आणि १५१ गुणांनी हरला. त्याचा स्कोअर ५.६ (३६). पाच गोल, सहा हुकलेले. पुढच्या आठवड्यात पर्थमध्ये फ्रीमँटलकडून ८६ ने हार, मग ब्रिस्बेनच्या संघात विलीनीकरण. तरी ते सहा अजून छापलेले आहेत. जो खेळ हुकलेली किक गाळत नाही, त्याच्या इतिहासात तू अख्खं वर्ष गाळणार?

आणि २००९ मध्ये युनिव्हर्सिटी रेड्सशी हात मिळवून फिट्झरॉय अमॅच्युअर लीगमध्ये परत खेळू लागला, त्याच ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर. १९९६ चं पान ज्यांनी फाडलं नाही, त्यांनीच हे केलं.

आता कामाचं. ट्रोव्हवर, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात, १९५४ नंतरची वर्तमानपत्रं फारशी मिळत नाहीत. तुझ्या दोन वर्षांसाठी तुमच्या भागातल्या लायब्ररीत जाऊन स्थानिक साप्ताहिक बघ. स्कोअर पूर्ण लिही, क्वार्टरसकट. मिनिट्समध्ये खजिनदाराचा हिशेब सोडू नकोस. जर्सी धुण्याचे पैसे कुणी दिले, ते तिथेच सापडतं.

आणि त्या दुसऱ्या सीझनचा कॅप्टन अजून आहे. मी त्याच्याशी फोनवर बोललोय, रविवारी दुपारी तो घरी असतो. वही घेऊन जा. स्कोअर आधी विचारू नकोस. त्या ऑगस्टमध्ये मंगळवार-गुरुवारच्या ट्रेनिंगला किती जण यायचे, ते विचार.

तुझा,
काका